अवरक्त दुर्बिणींना थंडावा कशासाठी?

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरातील सदर बाजार सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ सालापर्यंत या प्रदेशावर होती आणि मराठी कुटुंबेही येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांकडे झुकू लागला, की दुपारी या पेठेतील वर्दळ मंदावते. दुकानांतून कूलरची घरघर ऐकू येते आणि माठातल्या पाण्याला मागणी वाढते.

सोने, कूलर आणि माठ या तिन्ही गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटर अंतरावर असलेल्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीशी आणि तिच्या आधीच्या अवरक्त दुर्बिणींशी त्यांचा जवळचा संबंध आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. वेब दुर्बिणीच्या आरशावर सोन्याचा मुलामा आहे. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच तत्त्वावर अनेक अवकाश दुर्बिणी वर्षानुवर्षे थंड ठेवण्यात आल्या. या थंडाव्यावर दुर्बिणीचे आयुष्य अवलंबून असते. तो संपला, की कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेले यंत्र एका दिवसात बव्हंशी आंधळे होऊ शकते.

दुर्बीणच प्रकाशू लागते

विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही तापमापकातील पारा चढला. या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किंवा इन्फ्रारेड किरण म्हणतो.

प्रत्येक उष्ण वस्तू असे किरण बाहेर टाकत असते. वस्तूचे तापमान जितके कमी, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी अधिक. साधारण ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश सेल्सिअस तापमानाची वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक प्रकाशते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केल्विन मापनात शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस, त्याहून खाली तापमान जाऊ शकत नाही.

खगोलशास्त्रज्ञांची अडचण येथेच सुरू होते. धुळीच्या ढगात जन्म घेणारे तारे, दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह आणि विश्वाच्या प्रारंभकाळातील दीर्घिका यांचा प्रकाश आपल्यापर्यंत मुख्यतः अवरक्त स्वरूपात पोहोचतो. दुर्बिणीचा आरसा, तिची नळी आणि तिचा सांगाडा खोलीच्या तापमानाला असतील, तर तेही त्याच किरणांत झगमगू लागतात. दुर्बिणीच्या नळीला आतून दिवे लावावेत आणि मग अंधूक तारा शोधत बसावे, तसा हा प्रकार होतो. प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाची स्थितीही अशीच असते. तो उष्ण असेल, तर त्यातील अणूंच्या कंपनांतूनच विद्युतसंकेत निर्माण होतात आणि ताऱ्याकडून आलेला क्षीण संकेत त्या गोंगाटात बुडून जातो.

पृथ्वीवरून पाहू लागल्यास आणखी दोन अडथळे येतात. हवेतील बाष्प अवरक्त किरणांचा मोठा भाग शोषून घेते आणि वातावरण स्वतःही उष्ण असल्यामुळे प्रकाशते. म्हणून अवरक्त दुर्बीण अवकाशात न्यावी लागते आणि नेल्यावर थंड ठेवावी लागते.

अवकाश थंड, तरी प्रश्न कायम

अवकाश तर थंडच असते, मग दुर्बीण आपोआप गार का होत नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. अवकाशात हवा नाही. गरम भांडे वाऱ्यावर ठेवले, की निवते, तसे तेथे घडत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रारण. दुसरीकडे, सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॉट ऊर्जा पडत असते. दुर्बीण पृथ्वीच्या जवळून फिरत असेल, तर उबदार पृथ्वीही तिला सतत तापवत राहते.

प्रारणाचा नियमही कठोर आहे. वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ३०० केल्विन तापमानाचा एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग सुमारे ४६० वॉट बाहेर टाकतो. तोच पृष्ठभाग ४० केल्विनपर्यंत निवला, की हे प्रमाण तीन हजारांहून अधिक पटींनी घटून वॉटच्या सातव्या हिश्श्यावर येते. ७ केल्विनला तर ते जवळजवळ नाममात्र उरते. वस्तू जसजशी थंड होते, तसतसे तिला आणखी थंड करणे अवघड होत जाते. एखाद्या तारेतून झिरपणारी अल्पशी उष्णताही मग सारा हिशेब बिघडवण्यास पुरेशी ठरते.

माठाचे तत्त्व

मातीच्या माठातून पाणी झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते आणि ते गार होते. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांचे कार्यही याच तत्त्वावर चालते. मात्र पावसाळ्यात हवा दमट झाली, की कूलरचा उपयोग होत नाही, कारण हवा आणखी वाफ सामावून घेऊ शकत नाही. अवकाशाची पोकळी ही या दृष्टीने कधीही न संपणारा कोरडा मे महिना आहे. ती कितीही वाफ स्वीकारते.

अवकाश दुर्बिणींमध्ये पाण्याची जागा द्रवरूप हेलियम घेतो. सर्वसाधारण वातावरणीय दाबाखाली हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. दाब कमी झाला, की उत्कलनबिंदू खाली येतो. महाबळेश्वरला पाणी समुद्रसपाटीच्या मानाने कमी तापमानाला उकळते, त्याचे कारणही हेच. अवकाशाच्या पोकळीकडे वाट मोकळी करून दिल्यावर हेलियम २ केल्विनच्याही खाली जातो.

या तापमानाला तो अतिप्रवाही अवस्थेत असतो. वजनरहित स्थितीत टाकीतील द्रव आणि वाफ वेगळे राहत नाहीत, त्यामुळे वाफेबरोबर द्रवही बाहेर सांडण्याची भीती असते. यासाठी टाकीच्या तोंडाशी अतिसूक्ष्म छिद्रांची डाट बसवण्यात येते. अतिप्रवाही हेलियमच्या गुणधर्मामुळे द्रव आत रोखला जातो आणि केवळ वाफ बाहेर पडते. माठाच्या सच्छिद्र भिंतीची आठवण करून देणारी ही योजना आहे. बाहेर जाणारी थंड वाफही वाया दवडली जात नाही. तिला दुर्बिणीभोवतीच्या आवरणांतून फिरवून त्यांची उष्णता जाता जाता काढून घेतली जाते.

अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा आयरास हा उपग्रह २५ जानेवारी १९८३ रोजी अशीच हेलियमची टाकी घेऊन निघाला. त्याने आकाशाच्या ९६ टक्के भागाचे सर्वेक्षण केले, अभिजित ताऱ्याभोवतीच्या धुळीचा शोध लावला आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला, हेलियम संपताच, त्याचे काम थांबले. त्याचे आयुष्य अवघे दहा महिन्यांचे ठरले. युरोपीय अवकाश संस्थेची आयएसओ ही दुर्बीण नोव्हेंबर १९९५ मध्ये दोन हजार लिटरहून अधिक हेलियम घेऊन गेली आणि एप्रिल १९९८ पर्यंत चालली.

त्यानंतर विचारात महत्त्वाचा बदल झाला. ऑगस्ट २००३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या स्पिट्झर दुर्बिणीसोबत केवळ ३६० लिटर हेलियम होता, तरी तो मे २००९ पर्यंत पुरला. तिला पृथ्वीभोवती फिरवण्याऐवजी पृथ्वीच्या मागून सूर्याभोवती जाणाऱ्या कक्षेत सोडण्यात आले होते. पृथ्वीची ऊब टळली, सूर्याकडील बाजूला आडोसा मिळाला आणि दुर्बिणीचे बाहेरील कवच आपोआप निवले. अखेरचे थोडे काम तेवढे हेलियमकडे राहिले. हेलियम संपल्यावर दुर्बिणीचे तापमान सुमारे ३० केल्विनवर स्थिरावले. उणे २४३ अंशांच्या या अवस्थेला शास्त्रज्ञांनी ‘उबदार मोहीम’ असे नाव दिले. कमी तरंगलांबीचे दोन पट्टे तेव्हाही कार्यरत होते आणि ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. ही दुर्बीण ३० जानेवारी २०२० रोजी बंद करण्यात आली.

झाकण उडाले आणि मोहीम संपली

थंडावा किती मोलाचा असतो, याचा धडा मार्च १९९९ मध्ये मिळाला. नासाची वायर ही छोटी अवरक्त दुर्बीण गोठवलेल्या हायड्रोजनच्या साहाय्याने थंड ठेवण्यात येणार होती. घन हायड्रोजनची सरळ वाफ होते, म्हणून लहान उपग्रहांना तो सोयीचा ठरतो. मोहीम चार महिन्यांची होती. कक्षेत पोहोचल्यावर लगेचच एका विद्युत मंडलातील दोषामुळे दुर्बिणीचे झाकण ठरलेल्या वेळेच्या फार आधी उडाले. उघड्या दुर्बिणीत ऊब शिरली आणि हायड्रोजनची वाफ इतक्या वेगाने बाहेर पडू लागली, की उपग्रह गरगर फिरू लागला. थोड्याच दिवसांत सारा हायड्रोजन संपला आणि नियोजित निरीक्षणांपैकी एकही होऊ शकले नाही.

हबल दुर्बिणीवरील निकमॉस या अवरक्त उपकरणावरही असेच संकट आले होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये बसवलेल्या या उपकरणातील घन नायट्रोजन अपेक्षेपेक्षा खूप लवकर, म्हणजे जानेवारी १९९९ मध्ये संपला. हबलपर्यंत माणूस पोहोचू शकत असल्यामुळे मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी तेथे यांत्रिक शीतक जोडला आणि उपकरण पुन्हा कार्यरत झाले. संपणाऱ्या शीतद्रव्याऐवजी न संपणारे शीतयंत्र वापरावे, हा विचार त्यामुळे बळावला.

छत्री आणि सोन्याचा आरसा

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून अवकाशात झेपावली. तिची मुख्य उपकरणे थंड ठेवण्यासाठी हेलियमची टाकी नाही, तर एक अवाढव्य छत्री आहे. सुमारे २१ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद अशा या सूर्यकवचाला पाच थर आहेत. कॅप्टन नावाच्या बहुवारिकाचे हे पातळ पडदे अ‍ॅल्युमिनियमने मढवलेले असून त्यांतील सर्वांत जाड पडद्याची जाडी अवघी ०.०५ मिलिमीटर आहे.

एका जाड पडद्यापेक्षा पाच पातळ पडदे अधिक उपयोगी ठरतात, कारण दोन थरांच्या मधल्या पोकळीतून उष्णता कडेने निसटून अवकाशात जाते. प्रत्येक पुढचा थर आधीच्या थरापेक्षा थंड राहतो. सूर्याकडील बाजूचे तापमान ८५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, तर सावलीतील बाजू सुमारे ४० केल्विन, म्हणजे उणे २३३ अंशांवर असते. दुर्बिणीची जागाही याच हिशेबाने निवडण्यात आली आहे. एल-२ या बिंदूच्या परिसरातून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र हे तिन्ही एकाच बाजूला राहतात, त्यामुळे एकच छत्री तिघांसाठी पुरते.

सदर बाजारातील सराफांना रस वाटावा, असा भाग आरशाचा आहे. साडेसहा मीटर व्यासाचा हा आरसा बेरिलियमच्या अठरा षटकोनी तुकड्यांचा बनला असून त्यावर सोन्याचा थर देण्यात आला आहे. सोने अवरक्त किरण जवळजवळ संपूर्णपणे परावर्तित करते आणि ते गंजत नाही. या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी आहे. सुमारे पंचवीस चौरस मीटर क्षेत्रासाठी अवघे ४८ ग्रॅम सोने लागले. आजच्या सराफी हिशेबाने हे वजन पाच तोळ्यांनाही थोडे कमीच भरते.

सात केल्विनचा टप्पा

छत्रीच्या सावलीत तीन उपकरणांना पुरेसा थंडावा मिळतो. मिरी हे चौथे उपकरण मात्र २८ मायक्रॉनपर्यंतचे किरण टिपते आणि त्यासाठी त्याचे संवेदक ७ केल्विनच्या खाली असावे लागतात. वर सांगितलेल्या प्रारणाच्या नियमामुळे केवळ सावलीने हे साध्य होत नाही. तेथे यांत्रिक शीतकाची गरज लागते.

हा शीतक घरातील फ्रिजप्रमाणेच बंदिस्त चक्रात चालतो. त्यात हेलियम वायू दाबला जातो आणि अरुंद छिद्रातून प्रसरण पावू दिला जातो. मात्र हेलियम आधी पुरेसा थंड असल्याखेरीज प्रसरणाने आणखी गार होत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात दुसऱ्या शीतकाकडून त्याला सुमारे १८ केल्विनपर्यंत आणले जाते आणि मग दुसऱ्या टप्प्यात तो ६ केल्विनच्या जवळ पोहोचतो. दाबयंत्राची कंपने आरशापर्यंत पोहोचू नयेत, यासाठी ते दुर्बिणीपासून दूर, छत्रीच्या उबदार बाजूस ठेवले आहे. ७ एप्रिल २०२२ रोजी मिरी ७ केल्विनच्या खाली पोहोचले आणि १२ जुलैला या दुर्बिणीची पहिली रंगीत छायाचित्रे जगापुढे आली. हेलियम बाहेर सोडला जात नसल्यामुळे मिरीचे आयुष्य आता टाकीच्या आकारावर अवलंबून नाही.

मुंबईतील शास्त्रज्ञांचा अनुभव

भारताने अवरक्त खगोलशास्त्रासाठी स्वतंत्र दुर्बीण अद्याप अवकाशात पाठवलेली नाही, तरी या विद्येचा अनुभव आपल्याला आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण तयार केली आणि संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून महाकाय फुग्यांच्या साहाय्याने ती सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेली. वातावरणाचा जवळजवळ ९९ टक्के भाग या उंचीच्या खाली राहतो.

या दुर्बिणीतील संवेदक हेलियम-३ या दुर्मीळ समस्थानिकाच्या साहाय्याने ०.३ केल्विनपर्यंत थंड करण्यात आले. आरसा मात्र भोवतालच्या हवेच्याच तापमानाला असे. त्याच्या स्वतःच्या प्रकाशावर मात करण्यासाठी दुय्यम आरसा सतत हलता ठेवण्यात येई. त्यामुळे दुर्बीण आळीपाळीने लक्ष्याकडे आणि शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे पाहत असे. दोन्ही नोंदींची वजाबाकी केली, की आरशाची ऊब गळून पडे आणि ताऱ्याचा प्रकाश उरे. जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९९ सालापासून या दुर्बिणीवर वर्णपटमापक बसवून ताऱ्यांच्या जन्मस्थानांतील आयनित कार्बनचा १५८ मायक्रॉनचा प्रकाशही मोजण्यात आला.

पावसाचा अंदाज आणि शीतक

थंडाव्याचे हे शास्त्र केवळ दूरच्या ताऱ्यांपुरते नाही. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हटले जाते आणि तेथील शेतकरी, विदर्भातील किंवा कोकणातील शेतकऱ्याप्रमाणेच, जूनमध्ये मोसमी पावसाच्या बातमीकडे डोळे लावून असतो. दूरचित्रवाणीवर दिसणारे रात्रीच्या ढगांचे चित्र अवरक्त किरणांतून मिळते. ढगांचा माथा जितका थंड, तितका तो उंच, हे त्यावरून समजते. या चित्रासाठी उपग्रहातील छोट्या दुर्बिणीचे संवेदक सुमारे १०० केल्विनपर्यंत थंड ठेवावे लागतात.

भारताच्या इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रहांत हे काम यंत्राविना, केवळ अवकाशाकडे तोंड केलेल्या शीतकपट्टीने होते. या पट्टीला काळ्या आकाशाखेरीज काहीही दिसता कामा नये. म्हणून २००२ मध्ये सोडलेल्या आणि पुढे कल्पना-१ असे नामकरण झालेल्या उपग्रहाला सौरपट्टा एकाच बाजूला होता. दुसरी बाजू शीतकासाठी मोकळी ठेवण्यात आली होती. जुलै २०१३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या इन्सॅट-३डी या उपग्रहाच्या बाबतीत आणखी एक युक्ती योजण्यात आली. सूर्य सहा महिने विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि सहा महिने दक्षिणेस असतो. शीतकावर ऊन पडू नये, म्हणून हा संपूर्ण उपग्रह वर्षातून दोनदा स्वतःभोवती अर्धा फिरवण्याची व्यवस्था करण्यात आली. ऊन बदलले, की माठ दुसऱ्या बाजूच्या सावलीत हलवावा, तसेच हे आहे.

पुढील दिशा

मार्च २०२५ मध्ये नासाने सोडलेल्या स्फीअरेक्स या दुर्बिणीत शीतद्रव्यही नाही आणि शीतयंत्रही नाही. एकात एक बसवलेल्या तीन शंकूंच्या आडोशाने ती पृथ्वीजवळच्या कक्षेतही उणे २१० अंशांच्या आसपास राहते. याउलट अतिदूर अवरक्त किरणांसाठी लागणारे १ केल्विनखालील तापमान आडोशाने मिळत नाही, तेथे हेलियम आणि शीतयंत्र यांना पर्याय नाही. २००९ ते २०१३ या काळात चाललेल्या युरोपच्या हर्शेल दुर्बिणीत आरसा सावलीने निवत असे आणि संवेदक हेलियमने ०.३ केल्विनपर्यंत आणले जात. सुमारे २,३०० लिटर हेलियम संपला, त्या दिवशी, २९ एप्रिल २०१३ रोजी, तिची निरीक्षणे थांबली.

आयरासच्या दहा महिन्यांपासून वेब दुर्बिणीकडून अपेक्षित असलेल्या वीस वर्षांपर्यंतचा हा प्रवास मुख्यतः थंडाव्याच्या व्यवस्थापनाचा प्रवास आहे. आधी सावली शोधावी, मग वाऱ्याची जागा पाहावी आणि उरलेल्या उष्म्यासाठीच पाणी खर्चावे, हा क्रम उन्हाळ्याच्या प्रदेशातील माणसाला शिकवावा लागत नाही. अवकाशात वारा नसतो, तेथे काळ्या आकाशाकडे मोकळे ठेवलेले तोंड त्याची जागा घेते, एवढाच काय तो फरक.